मुलांची हाडं डब्यातून वाढत नाहीत

माझ्या मुलाचे आठव्या वर्षी रात्री पाय दुखायला लागले. रात्री दीड-दोनला उठायचा, दोन्ही नडग्या धरून रडायचा, मी चोळत बसायचे, पंधरा-वीस मिनिटांत झोपून जायचा आणि सकाळी उठला की काही झालंच नाही असा चालायचा. ज्या सुट्टीच्या दिवशी भरपूर खेळणं झालं त्या रात्री तर हमखास. ज्याला सांगावं तो एकच म्हणायचा, कॅल्शियम कमी पडतंय त्याला, सुरू कर काहीतरी. मग केलं सुरू. आधी सिरप, मग चॉकलेटच्या चवीची पावडर, मग त्या मऊ रंगीत गोळ्या, असं एकावर एक वाढवत सहा महिने गेले आणि पाय दुखायचे ते दुखतच होते.

शेवटी मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मनगटं दाबून बघितली, बरगड्यांवरून बोटं फिरवली, त्याला पाय जुळवून उभं केलं, चालायला लावलं, आणि म्हणाले की हे वाढीच्या वयातलं दुखणं आहे, खूप मुलांना होतं, आपोआप जातं, कॅल्शियमशी त्याचा संबंध नाही. (एकाच पायात दुखत असेल, सूज किंवा ताप असेल, मूल लंगडत असेल, दिवसाही दुखत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबायचं नाही, दाखवायचंच.) मग त्यांनी विचारलं, याचा शाळेचा एक दिवस सांगा, सकाळपासून रात्रीपर्यंत. मी सांगायला लागले आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की शाळेच्या दिवशी हे पोरगं उन्हात जेमतेम दहा मिनिटं असतं, तेही बसची वाट बघताना. सगळा दिवस छपराखाली, बसून.

घरी येऊन मी ते तिन्ही डबे-बाटल्या टेबलावर ओळीने ठेवल्या आणि पहिल्यांदा चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं. डी व्हिटॅमिन तिन्हींत होतं. त्याच्या वयाला दिवसाला ६०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) पुरेसं धरतात आणि मी बेरीज केली तर त्याच्या दुपटीच्या वर देत होते, कुणीही न सांगता. आणि पावडरच्या घटकांमध्ये दुसऱ्या नंबरला साखर. घटक जास्तीकडून कमीकडे लिहितात, म्हणजे हाडांसाठी म्हणून मी रोज जे घुसळून देत होते त्यात साखरेच्या वर फक्त एकच गोष्ट होती. डब्यावर एक मुलगा मोजपट्टीशेजारी उभा आणि बाण वर गेलेला.

त्या बाणाबद्दल मला बोलायचंय. मुलांची उंची वाढवतो, हाडं मजबूत करतो असं सांगून लहान मुलांसाठी जे जे विकलं जातं त्याच्या जाहिरातीवर सरळ बंदी पाहिजे असं माझं मत झालंय, आणि ज्याची खरंच गरज आहे ते मात्र कुणालाही विकत घ्यावं लागू नये, ते सरकारने फुकट पोचवावं. ही दोन्ही वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतील. नाहीत.

आधी हाड म्हणजे काय ते बघूया, कारण जाहिरात आपल्या डोक्यात हाडाचं जे चित्र घालते तेच चुकीचं आहे. आपल्याला वाटतं हाड म्हणजे पांढरा दगड आणि कॅल्शियम म्हणजे त्याचं सिमेंट, जितकं ओताल तितकं पक्कं. पण हाड जिवंत असतं, त्यात रक्त फिरतं, ते रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं नव्याने बांधलं जातं. त्याचा सांगाडा कोलॅजेनचा, म्हणजे प्रोटीनचा, आणि त्या जाळीत कॅल्शियम आणि फॉस्फरसचे स्फटिक बसतात. कोलॅजेन नीट विणलं जायला सी व्हिटॅमिन लागतं. कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला डी व्हिटॅमिन लागतं आणि ते डी कामाला यायला मॅग्नेशियम लागतं. के व्हिटॅमिन हाडातल्या एका प्रोटीनला कॅल्शियम धरून ठेवण्याजोगं करतं. झिंक कमी पडलं तर वाढच मंदावते. आणि मूल उंच होतं ते लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा जो पातळ थर असतो, ग्रोथ प्लेट म्हणतात ती, तिथे. पौगंडावस्थेच्या शेवटी ती बंद होते, मुलींची आधी, मुलांची नंतर, आणि एकदा बंद झाली की जगातली कुठलीही पावडर ती उघडू शकत नाही. ती उघडी असतानासुद्धा, खाणंपिणं नीट असलेल्या मुलांत उंचीतला साधारण ८० टक्के फरक आईबापांकडून आलेल्या जनुकांचा असतो. म्हणजे तो बाण ज्या मुलाच्या शेजारी काढलाय, तो मुलगा डबा न खाताही तेवढाच वाढला असता.

आता कुणी म्हणेल, म्हणजे व्हिटॅमिनची गरजच नाही का? आहे, आणि ती किती खरी आहे हे मुडदुसाचा इतिहास वाचला की कळतं. मुडदूस म्हणजे मुलांची हाडं मऊ राहून वाकणं, मनगटं रुंद होणं, बरगड्यांवर मण्यांची माळ असल्यासारख्या गाठी येणं, दात आणि चालणं उशिरा येणं. इंग्लंडमध्ये १६५० साली ग्लिसन या डॉक्टरांनी त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. पुढे कारखान्यांच्या धुराने शहरांचं आकाश झाकलं तेव्हा अरुंद गल्ल्यांतल्या गरीब पोरांमध्ये तो घरोघर झाला. कारण कळायला मात्र पहिलं महायुद्ध संपावं लागलं. मेलानबी या ब्रिटिश डॉक्टरांनी घरात कोंडलेल्या, ओट्सवर वाढवलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना मुडदूस होतो आणि कॉड लिव्हर ऑइलने, म्हणजे कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने, तो बरा होतो हे दाखवलं. बर्लिनमध्ये १९१९ साली हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदुसाच्या मुलांवर अतिनील दिव्याचा प्रकाश टाकला आणि हाडं सुधारली, आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांनी एका हातावर प्रकाश टाकला तर दुसऱ्या हाताचं हाडही सुधारलं. म्हणजे प्रकाशाने कातडीत काहीतरी तयार होतं आणि ते रक्तातून सगळीकडे जातं. १९२२ मध्ये मॅक्कॉलम या अमेरिकन शास्त्रज्ञांनी माशाच्या तेलातला हा घटक ए व्हिटॅमिनपेक्षा वेगळा आहे हे सिद्ध केलं आणि त्याला डी हे नाव मिळालं. १९३० च्या दशकात अमेरिकेत दुधात डी घालायला लागले आणि तिथला मुडदूस बघता बघता आटोक्यात आला.

यातली एक गोष्ट नीट बघा. मुडदूस हटला तो प्रत्येक आईने दुकानात जाऊन आपापली बाटली निवडली म्हणून नाही. जे दूध सगळेच पितात त्यातच ते घातलं म्हणून.

आणि हे जुनं झालं असं वाटत असेल तर तुर्कस्तानचं उदाहरण घ्या. तिथे २००५ पासून प्रत्येक तान्ह्या बाळाला डी व्हिटॅमिनचे थेंब फुकट द्यायला सुरुवात झाली, रोज ४०० आययू. देशाच्या पूर्व भागात तीन वर्षांखालच्या मुलांमध्ये १९९८ साली मुडदुसाचं प्रमाण ६ टक्के होतं, २००८ साली ते ०.१ टक्क्यावर आलं. आईच्या दुधात बाकी जवळजवळ सगळं असतं पण डी फार कमी असतं, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात ठेवू नका असंच सांगतात, मग ते बाळ डी आणणार कुठून? म्हणून पहिल्या वर्षात रोज ४०० आययूचे थेंब ही चैन नाही की फॅड नाही, ती लसीसारखी गोष्ट आहे, आणि लस जशी आरोग्य केंद्रात मिळते तसे हे थेंबही बाळाच्या पहिल्या तपासणीतच हातात पडायला पाहिजेत. गंमत म्हणजे, नाही गंमत नाही, वाईट वाटतं, की याची जाहिरात तुम्हाला क्वचितच दिसेल. जिथे गरज नक्की आहे तिथे शांतता आणि जिथे गरज शंकास्पद आहे तिथे मोजपट्टी आणि बाण.

हे शंकास्पद का म्हणतेय तेही सांगते. २००६ साली १९ चाचण्या एकत्र करून, एकूण २८५९ मुलांचे निकाल तपासले गेले, निरोगी मुलांना जास्तीचं कॅल्शियम दिलं तर हाडं भरतात का म्हणून. हाताच्या हाडांत दीड-दोन टक्क्यांचा फरक पडला, मांडीच्या हाडाच्या मानेत आणि कण्यात काहीच नाही, आणि तेवढ्याशा फरकाने हाड मोडायचं टळेल असं म्हणता येत नाही हा निष्कर्ष. मग मंगोलियात ६ ते १३ वयाच्या ८८५१ शाळकरी मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला १४००० आययू डी किंवा नुसती खोटी गोळी दिली. तिथल्या बहुतेक मुलांच्या रक्तात डी मुळातच फार कमी होतं, म्हणजे फायदा दिसायचाच तर तिथे दिसायला हवा होता. २०२३ मध्ये निकाल आला, रक्तातलं डी छान वाढलं, हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखंच. याचा अर्थ डी निरुपयोगी आहे असा कुणी काढू नये, मुडदूस टाळण्यासाठी ते लागतंच. पण रिपोर्टमधला आकडा वर गेला म्हणजे हाड पक्कं झालं, हे जे आपण धरून चालतो ते तितकं सरळ नाही.

उलट बाजूने नायजेरियाचं बघा. तिथे ऊन भरपूर, तरी मुलांना मुडदूस. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कळलं की ही मुलं दिवसाला जेमतेम २०० मिलिग्रॅम कॅल्शियम खात होती, आणि नुसतं डी दिल्यापेक्षा कॅल्शियम दिल्यावर ती जास्त चांगली बरी झाली. म्हणजे ऊन असूनही ताट रिकामं असेल तर हाड वाकतं. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण ज्यांच्या ताटात काही नाही त्यांच्यासाठी कॅल्शियम हे औषध आहे आणि ते त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, आणि ज्यांच्या घरात दूध, अंडी, डाळी सगळं आहे त्यांच्याकडे ते तीन-तीन डब्यांत येऊन पडतं. माझ्याकडे पडलंच होतं.

किती लागतं हा प्रश्न सगळे विचारतात. अमेरिकेत ४ ते ८ वर्षांना १००० मिलिग्रॅम आणि ९ ते १८ ला १३०० सांगतात, ब्रिटनमध्ये किशोरवयीन मुलग्यांना १००० आणि मुलींना ८०० पुरे म्हणतात. २०१६ साली वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून ठरवलं की एक वर्षावरच्या मुलाला रोज ५०० च्या वर मिळत असेल तर मुडदुसाची भीती नाही आणि ३०० च्या खाली गेलं तर डी कितीही असो, धोका आहे. तज्ज्ञांच्या आकड्यांत एवढा फरक आहे म्हणजे मूल एखाद्या दिवशी दूध प्यायलं नाही म्हणून हादरायचं कारण नाही हे तरी आपण समजून घेऊ. एका मोठ्या ग्लासभर दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम असतं, दह्या-चीजमधूनही येतं, दूध चालत नसेल तर काट्यासकट खायचे छोटे मासे, तीळ, बदाम, कडधान्यं, कॅल्शियम घातलेलं सोयादूध. पालेभाज्यांचं एक मात्र लक्षात ठेवायचं, पालकात कॅल्शियम दिसतं भरपूर पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे शरीराला मिळतं पाच टक्क्यांच्या आसपास, दुधातलं त्याच्या पाच पट तरी मिळतं. पालक इतर कारणांसाठी खावा, कॅल्शियमसाठी कोबी-ब्रोकोलीच्या जातीच्या भाज्या बऱ्या. आणि मीठ, हे कुणी सांगत नाही, जास्त मीठ खाल्लं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, म्हणजे पाकिटातले खारट पदार्थ खात खात कॅल्शियमची गोळी घेणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.

अजून एक भाबडी समजूत जी माझीही होती. रक्तातलं कॅल्शियम तपासलं, नॉर्मल आलं, म्हणजे हाडं ठीक. असं नसतं. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, रक्तात अगदी थोडं, आणि ते थोडंसं शरीर जिवापाड सांभाळतं कारण हृदय आणि स्नायू त्याच्यावर चालतात. कमी पडलं की हाडातून काढून रक्तात आणतं. म्हणजे हाड झिजत असतानाही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. शंका असेल तर डॉक्टर डी, अल्कलाइन फॉस्फेटेज हे रक्तातलं एन्झाइम, फॉस्फरस, एक्स-रे असं सगळं मिळून बघतात, एका आकड्यावर जात नाहीत.

आता उड्यांबद्दल, कारण डब्यावर हे कधीच लिहिलेलं नसतं. हाडावर भार पडला की हाड स्वतःला जाड करतं. टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या महिलांच्या हातांचा अभ्यास १९९५ साली फिनलंडमध्ये झाला, रॅकेट धरायच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा भरलेलं निघालं, आणि ज्या पाळी सुरू व्हायच्या आधीपासून किंवा त्या सुमारास खेळायला लागल्या त्यांच्यात हा फरक उशिरा लागलेल्यांपेक्षा दोन ते चार पट होता. एकच शरीर, एकच जेवण, एकच रक्त, आणि दोन हात वेगळे! यापेक्षा स्वच्छ पुरावा काय असतो मला माहीत नाही. लहान मुलांकडून आठवड्यातून तीनदा साधारण दोन फुटी खोक्यावरून शंभर उड्या मारून घेतल्या, सात महिने, तर कमरेजवळच्या हाडांत बाकी मुलांपेक्षा मोजता येण्याजोगी वाढ दिसली. खोकं लागतं, जमीन लागते आणि थोडा वेळ लागतो. विकण्यासारखं त्यात काही नाही म्हणून त्याची जाहिरातही नाही.

आणि हा वेळ परत येत नाही. मोठेपणी शरीरात जेवढं हाड असतं त्याचा साधारण चौथा हिस्सा हाडं सगळ्यात झपाट्याने भरतात त्या दोन वर्षांत जमा होतो, मुलींमध्ये साडेबाराच्या आसपास, मुलांमध्ये चौदाच्या. आणि नेमकं ह्याच वयात आपण काय करतो? खेळाचे तास कापतो. परीक्षा आली की पीटीचा तास गणिताला. मधली सुट्टी वर्गातच, बाहेर गोंधळ होतो म्हणून. मैदानावर नवीन इमारत. साठ वर्षांनंतर ज्या म्हातारीचं खुब्याचं हाड मोडणार आहे तिचं हाड या दोन वर्षांत भरायचं असतं, आणि आपण तिला बाकावर बसवून ठेवतो आणि संध्याकाळी ग्लासात दोन चमचे पावडर घालतो.

मला माहितीय यावर काय म्हणतील. मूल खातच नाही, मग निदान पावडर तरी पोटात जाते ना. मी ह्या आईला नावं ठेवत नाही, मी तीच होते. जे मूल खरंच अगदी मोजकं खातं, ज्याला सीलिएकसारखा आतड्याचा आजार आहे, ज्याला फिटची किंवा स्टेरॉइडची औषधं वर्षानुवर्षं चालू आहेत, ज्याला दूध-मासे-अंडी काहीच चालत नाही, ज्याची कातडी गडद आहे आणि जे थंड, कमी उन्हाच्या देशात राहतं किंवा उन्हात फारसं जातच नाही, त्याला जास्तीचं लागतं आणि ते डॉक्टरने मोजून द्यावं. मोजून म्हणतेय कारण डी चरबीत साठतं, जास्त झालं तर उलट्या, बद्धकोष्ठ, सतत तहान, मूत्रपिंडात कॅल्शियम. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बाळांच्या खाण्यात डी इतक्या ठिकाणी घातलं गेलं की बाळांच्या रक्तात कॅल्शियम चढायला लागलं आणि प्रमाण कमी करावं लागलं. आणि गोळ्या गोड, मऊ, प्राण्यांच्या आकाराच्या केल्या तर पोरगं अख्खी बाटली संपवेल यात पोराची काय चूक?

दुसरं म्हणतील की जाहिरातीतलं वाक्य खोटं नसतं. खरंय. हाडांच्या वाढीला कॅल्शियम लागतं हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. झाडाला पाणी लागतं हेही खरं आहे, म्हणून आधीच ओल्या कुंडीत बाटलीबंद पाणी ओतलं तर झाड दुप्पट होत नाही. खरं वाक्य आणि खोटं चित्र शेजारी शेजारी छापायचं, ही युक्ती आईच्या भीतीवर चालते, माझं मूल वर्गात सगळ्यात बुटकं राहिलं तर या भीतीवर. आणि बंदी ही काही अशक्य गोष्ट नाही. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाऐवजी विकल्या जाणाऱ्या डब्यांच्या जाहिरातीवर संहिता मंजूर केली, तेव्हाही कंपन्या म्हणत होत्या की आम्ही फक्त माहिती देतो. तान्ह्या बाळाच्या बाबतीत जे पटलं ते आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत का पटू नये? विका, मागे घटक लिहा, किती आययू ते मोठ्या अक्षरात लिहा, पण मोजपट्टी, बाण आणि उंच हे शब्द काढा.

आमच्याकडे ते तिन्ही डबे बंद झाले. मुलगा रोज दूध पितो, नाही प्यायला तर दही खातो, नाहीच तर नाही. दुपारी, सावली आपल्या उंचीपेक्षा लांब पडायच्या आत जमलं तर, खाली पाठवते, कारण सावली लांब झाली की डी तयार करणारी किरणं फारशी उरत नाहीत आणि खिडकीच्या काचेतून तर ती आतच येत नाहीत. पण शाळेच्या दिवशी तो घरी येईपर्यंत सावली लांब झालेली असते, हे मी एकटी बदलू शकत नाही. म्हणून पुढच्या पालकसभेत मी वेळापत्रक घेऊन जाणारे आणि एकच विचारणारे, मधली सुट्टी मैदानावर का नाही, आणि खेळाचा तास कुठल्या तासाला दिला जातो. आणखी चार पालक उभे राहिले तर उत्तर द्यावंच लागेल त्यांना.